सोसायटीचे आणि ऑफिसचे कागद एन्क्रिप्ट करून ठेवायला 'एज' : टूल सोपं आहे, पण किल्ली कुणाकडे?

टर्मिनलवाला, मुलुंड

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची प्रक्रिया सुरू झाल्यापासून प्रत्येक सभासदाचं आधार, पॅन, फ्लॅटचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशन, काही ठिकाणी वारसांची प्रतिज्ञापत्रं, असं सगळं स्कॅन होऊन एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये जमा झालंय. लिंक ज्याच्या हातात, त्याला फोल्डर उघडतो. ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, आर्किटेक्टकडे गेली, सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाकडे गेली. मुंबईत ज्या ज्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चाललंय, तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललं असणार. म्हणून हा धागा.

सगळं ऑफिसच्या कपाटातच ठेवू म्हटलं तर तेही चालत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसांचे आणि कपाटांचे काय हाल झाले ते इथल्या अनेकांनी पाहिलंय. एक प्रत बाहेर हवीच. आणि बाहेर ठेवायची तर एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी बंद करून.

त्यासाठी मी 'एज' सुचवतोय. ब्राउझरवाला एज नव्हे, याचं स्पेलिंग ए-जी-ई. फिलिपो वालसोर्दा आणि बेन कार्टराइट-कॉक्स यांनी २०१९ मध्ये आराखडा मांडला, २०२१ मध्ये १.० आवृत्ती आली. गो भाषेतली लायब्ररी आणि तिच्यावर बसवलेलं कमांड लाइन टूल, दोन्ही ओपन सोर्स. उबुंटूवर एप्टने मिळतं, मॅकवर होमब्रूने, विंडोजसाठी तयार बायनरी आहे.

वापर असा (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा). 'एज-कीजेन डॅश ओ' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की किल्ल्यांची जोडी तयार होते. एक जाहीर किल्ली, ६२ अक्षरांची, 'एज-वन' ने सुरू होणारी. ती कुणालाही द्या. दुसरी गुप्त, 'एज-सीक्रेट-की-वन' ने सुरू होणारी, ७४ अक्षरांची. ती कुणालाही नाही. फाइल बंद करायला 'एज डॅश आर', जाहीर किल्ली, 'डॅश ओ', नव्या फाइलचं नाव आणि शेवटी मूळ फाइल. उघडायला 'एज डॅश डी डॅश आय', गुप्त किल्लीची फाइल, आणि बाकीचं तसंच. अख्खा फोल्डर असेल तर आधी टारने (अनेक फायलींचं एक गाठोडं बांधणारी आज्ञा) एकत्र करून पाइपमधून एजकडे सोडायचा.

अल्गोरिदम कुठला, किती बिटांचा, मोड कुठला, हे टूल तुम्हाला विचारतच नाही. आणि मला तीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. प्रत्येक फाइलसाठी १२८ बिटांची नवी यादृच्छिक किल्ली बनते, मजकूर ६४ केबीच्या तुकड्यांत चाचा२०-पॉली१३०५ या एन्क्रिप्शन पद्धतीने बंद होतो आणि ती फाइलची किल्ली तुमच्या जाहीर किल्लीने, एक्स२५५१९ ही जाहीर किल्लीची पद्धत वापरून, गुंडाळून हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या भागात) ठेवली जाते. प्रत्येक तुकड्याला स्वतःची खूण असते. मधला एक बाइट जरी कुणी बदलला, किंवा फाइलचं शेपूट कापलं, तरी उघडताना टूल तिथेच थांबतं.

हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. मला चर्चा हवी आहे ती पुढच्या प्रश्नावर. सोसायटीची कमिटी पाच वर्षांनी बदलते. सेक्रेटरी फ्लॅट विकून बदलापूरला जातो. खजिनदार आजारी पडतात. गुप्त किल्ली नेमकी कुणाकडे ठेवायची? माझ्या मते एन्क्रिप्शनचं नव्वद टक्के काम या उत्तरात आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

गिरगावकर

चांगला धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. पण एक शंका. झिप करून पासवर्ड टाकला तर काय बिघडलं? सगळ्यांना येतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

टर्मिनलवाला, मुलुंड

गिरगावकर, झिपमध्ये दोन पद्धती आहेत. जुनी झिपक्रिप्टो, नवी एईएस-२५६. विंडोजच्या अंगभूत झिपला वर्षानुवर्षं फक्त जुनीच उघडता येत होती, म्हणून 'समोरच्याला उघडलं पाहिजे' या कारणाने लोक नकळत जुनीच निवडतात. ती १९९४ मध्येच मोडली आहे, बायहॅम आणि कोचर यांनी. आतल्या मजकुराचे डझनभर बाइट आधीच माहीत असले तर पासवर्ड शोधायचीही गरज उरत नाही, थेट आतल्या किल्ल्या काढता येतात. आणि स्कॅनरमधून निघालेल्या फायलींचे सुरुवातीचे बाइट बऱ्याचदा एकसारखे असतात, अंदाज करता येतो.

सेव्हन-झिपची सेव्हन-झेड पद्धत वापरत असाल तर मात्र बरंच बरं. एईएस-२५६ आहे, पासवर्डवर पाच लाखांवर फेऱ्या होतात. फक्त 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' या चौकोनात टिक करायला विसरू नका. नाहीतर आत काय आहे ते वाचता येत नाही, पण 'सदनिका ३०४ वारस वाद' हे फाइलचं नाव सगळ्यांना दिसतं.

निवृत्त लेखापाल, दादर

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. बँकेचं स्टेटमेंट ईमेलवर येतं त्याला पासवर्ड असतो. ई-आधारलाही असतो. मग आम्ही तीच पीडीएफ तशीच ड्राइव्हवर ठेवली तर ती सुरक्षित नाही का? वेगळं काही का करावं?

टर्मिनलवाला, मुलुंड

ताई, तुमच्यासारखाच प्रश्न आमच्या कमिटीतही आला होता. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला शंभर वर्षं तपासली की झालं. बऱ्याच स्टेटमेंटना जन्मतारीख असते: दिवस, महिना, वर्ष धरून शंभर वर्षांत साधारण ३६,५०० शक्यता. साध्या लॅपटॉपला त्याला चहा होईपर्यंतही वेळ लागत नाही. शिवाय आपल्या फोल्डरमध्ये फाइलच्या नावातच सभासदाचं नाव असतं, आणि शेजारच्या फाइलमध्ये, पॅनच्या प्रतीवर, जन्मतारीख. ते पासवर्ड फाइल चुकून भलत्याच्या इनबॉक्समध्ये गेली तर अडावी एवढ्यासाठी आहेत. साठवणीसाठी नाहीत.

फोर्ट_ऑडिट

आमचं सीएचं ऑफिस. एक अडचण घेऊन आलोय, विषयाला धरून आहे.

आमच्याकडे २०१३-१४ पासूनचे बॅकअप आहेत. तेव्हाच्या एका मुलाने स्क्रिप्ट लिहून ठेवली होती, ओपनएसएसएल या टूलने एईएस-२५६-सीबीसी पद्धतीने एन्क्रिप्ट करून डिस्कवर टाकायचं. पासवर्ड ऑफिसच्या वहीत आहे, बरोबर आहे, कारण जुन्या मशीनवर त्याच पासवर्डने उघडायचं. ते मशीन गेलं. नव्यावर तोच पासवर्ड दिला की 'बॅड डिक्रिप्ट'. एका क्लायंटच्या जुन्या असेसमेंटसाठी ते कागद आता हवे आहेत. डिस्क खराब झाली असं समजायचं का?

टर्मिनलवाला, मुलुंड

डिस्क बहुतेक ठीक आहे. थांबा, काही फेकू नका.

ओपनएसएसएलची ती आज्ञा पासवर्डपासून किल्ली बनवायला एक हॅश (कुठल्याही मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा काढणारं गणित) वापरते. पूर्वी न सांगता एमडी५ वापरायची. २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून न सांगता एसएचए-२५६ वापरायला लागली. तुमचा पासवर्ड तोच, पण त्यातून बनणारी किल्ली वेगळी. जुनीच आज्ञा द्या आणि त्यात 'डॅश एमडी एमडी५' एवढं वाढवा.

फाइल हेक्समध्ये उघडून पाहिलीत तर पहिले आठ बाइट 'सॉल्टेड' आणि दोन अंडरस्कोर, पुढचे आठ बाइट सॉल्ट (पासवर्डात मिसळलेले यादृच्छिक बाइट), आणि लगेच बंद मजकूर. कुठला सायफर, कुठला हॅश, किती फेऱ्या, यातलं काहीही फाइलमध्ये लिहिलेलं नाही. ते सगळं त्या मुलाच्या स्क्रिप्टमध्ये आणि त्या मशीनच्या आवृत्तीत होतं.

फोर्ट_ऑडिट

उघडलं. पहिली फाइल उघडली, दुसरी उघडली, आता सगळ्यांवर लूप लावलाय. मनापासून आभार. ऑफिसात सगळे खुर्चीभोवती जमले होते.

टर्मिनलवाला, मुलुंड

वा! उघडलेल्या फायली एकदा नजरेखालून घाला मात्र. ती पद्धत फाइलमध्ये फेरफार झालाय का हे तपासत नाही. चुकीच्या पासवर्डलाही साधारण २५६ मध्ये एकदा 'बरोबर' म्हणते आणि कचरा हातात देते. आता पुन्हा बंद कराल ते दुसऱ्या पद्धतीने करा. एजच्या फाइलची पहिली ओळ साध्या अक्षरांत असते, फॉरमॅटचं नाव आणि आवृत्ती. दहा वर्षांनी कुणी अनोळखी माणूस ती उघडून बघेल तेव्हा त्याला निदान शोध कुठून सुरू करायचा ते कळेल.

जीपीजी_जुना_गडी, ठाणे

सगळं पटतंय, पण जीपीजीला (पीजीपी या जुन्या एन्क्रिप्शन टूलचा मुक्त अवतार) इतक्या सहज बाजूला सारू नये. झिमरमन यांनी पीजीपी १९९१ मध्ये काढलं, जीपीजीची १.० आवृत्ती १९९९ ची. वीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या माझ्या फायली आजही उघडतात. तुमचा मुद्दा 'दहा वर्षांनी उघडेल का' हा असेल तर ज्याने हे करून दाखवलंय त्याच्यावर विश्वास ठेवावा. दुसरं, एज सही करत नाही. तुमची जाहीर किल्ली माझ्याकडे असेल तर मी काहीही बंद करून तुमच्या फोल्डरमध्ये ठेवू शकतो, आणि ते उघडेल. ते सेक्रेटरीने ठेवलं की मी, हे तुम्हाला कळणार नाही. सोसायटीच्या कागदांत हा प्रश्न किरकोळ नाही, करारनाम्याची 'नवी प्रत' कुणी ठेवली हे कळायला हवं.

टर्मिनलवाला, मुलुंड

सहीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. एज ते जाणूनबुजून करत नाही. त्यासाठी मिनिसाइन किंवा एसएसएच-कीजेनची सही जोडावी लागते, आणि सोसायटीने ती जोडावीच असं मीही म्हणेन.

टिकण्याबद्दल मात्र मतभेद. २०२४ मध्ये ओपनपीजीपीचं (पीजीपी-जीपीजीच्या फायलींचा सामाईक फॉरमॅट) नवं मानक आलं, आरएफसी ९५८०. जीपीजीने ते स्वीकारलं नाही, लिब्रेपीजीपी हा वेगळा रस्ता धरला. म्हणजे आज बनवलेली फाइल उद्या कुठल्या टूलमध्ये उघडेल हे आता सेटिंगवर ठरणार. एजचा आराखडा इतका छोटा आहे की गोमध्ये मूळ आवृत्ती, रस्टमध्ये 'रेज', टाइपस्क्रिप्टमध्ये वेगळी, आणि सगळ्या एकमेकींच्या फायली उघडतात. मूळ टूल उद्या बंद पडलं तरी एखादा चांगला विद्यार्थी तो आराखडा वाचून उघडणारं टूल लिहू शकेल. ओपनपीजीपीबद्दल असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

जीपीजी_जुना_गडी, ठाणे

फूट पडली हे दुर्दैव, मान्य. तरी ईमेल आणि सही यांसाठी मी जीपीजीवरच राहणार.

रस्टप्रेमी, पवई

लायब्ररी म्हणून कुणी वापरलंय का? आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आहे. रिपोर्टच्या पीडीएफ सर्व्हरवर साठवतात, सध्या उघड्या. बॅकएंड गोमध्ये आहे.

टर्मिनलवाला, मुलुंड

यासाठी तर मी ती डोळे मिटून सुचवीन. सर्व्हरवर फक्त जाहीर किल्ली ठेवा. सर्व्हर रिपोर्ट बंद करू शकेल, उघडू शकणार नाही. उद्या कुणी सर्व्हरमध्ये घुसलं तर त्या क्षणानंतरचं त्याच्या हाती लागेल, पण आधीचे सगळे रिपोर्ट बंदच राहतील. पेशंटचं हित बघता हा फरक फार मोठा आहे. उघडायची किल्ली लॅबच्या आतल्या, नेटला न जोडलेल्या मशीनवर.

दोन जागा जपा. 'एन्क्रिप्ट' हे फंक्शन तुम्हाला एक रायटर परत देतं. त्यात लिहून झाल्यावर 'क्लोज' करायलाच हवं, आणि क्लोजची एरर तपासायला हवी. शेवटचा तुकडा क्लोजमध्ये लिहिला जातो. 'डिफर क्लोज' लिहून एरर सोडून दिली आणि नेमकी तेव्हाच डिस्क भरली, तर फाइल दिसेल नीट, उघडणार नाही. आणि हे कळेल पेशंट रिपोर्ट मागायला येईल त्या दिवशी.

उघडताना उलट. डेटा तुकड्यातुकड्याने हातात येतो, प्रत्येक तुकडा तपासलेला असतो, पण फाइल पूर्ण आहे हे शेवट गाठल्यावरच कळतं. एरर न येता शेवटपर्यंत पोहोचल्याशिवाय तो रिपोर्ट डॉक्टरच्या स्क्रीनवर पाठवू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या, मग नाव बदला.

रस्टप्रेमी, पवई

क्लोजची एरर आमच्या कोडमध्ये सगळीकडे सोडलेली आहे. आजच बघतो. धन्यवाद.

शिवडीची_सई

मी शाळेत शिकवते, टर्मिनलची सवय नाही पण तुमच्या सूचनांवरून जमलं. किल्लीची भानगड नको म्हणून 'डॅश पी' देऊन पासवर्डवर फाइल बंद केली. पासवर्ड मराठीत ठेवला, देवनागरीत, म्हणजे परदेशातल्या कुणाला सुचणारच नाही. लॅपटॉपवर उघडते. भावाच्या मशीनवर तोच शब्द टाइप केला तर 'चुकीचा पासवर्ड'. दोन्हीकडे युनिकोडच आहे. शब्दात 'वाऱ्यावर' आहे.

टर्मिनलवाला, मुलुंड

सईताई, तुमचा शब्द इथे उघड झाला, त्यामुळे तो आता बदलाच. पण प्रश्न फार मोलाचा आहे, मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागू.

स्क्रीनवर अक्षर दिसतं, टूलला बाइट मिळतात. 'वाऱ्या' मधला तो रफार नसलेला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळंच अक्षर आहे, मग हलन्त, मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह, मग य. दिसायला हुबेहूब, बाइट पूर्ण वेगळे. पुन्हा ऱ सुद्धा एकसंध असू शकतो किंवा र अधिक नुक्ता असा. तेच 'ॲ' चं: एक स्वतंत्र अक्षर, किंवा अ वर चंद्र. भावाकडे इनस्क्रिप्ट असेल आणि तुमच्याकडे उच्चाराप्रमाणे टाइप करायचं टूल, किंवा उलट, तर जुळणार नाही. एक बाइट इकडचा तिकडे झाला की त्यातून बनणारी किल्ली सर्वस्वी निराळी.

फाइल आत्ता उघडायची तर ज्या लॅपटॉपवर बंद केली तिथे, त्याच कीबोर्डने. पुढे पासवर्ड मराठी हवा असेल तर शब्द मराठी ठेवा, लिपी रोमन, सगळी लहान अक्षरं, मध्ये डॅश. त्यातही स्पेलिंग एकच ठरवून लिहून ठेवा. आणि गाण्याची ओळ, म्हण, आडनाव-गाव असली जोडी नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द घ्या. 'डॅश पी' नंतर काहीच न लिहिता एंटर मारलं तर एज स्वतः दहा शब्दांचा पासवर्ड बनवून देतं. इंग्रजी शब्द आहेत, पण माणसाच्या डोक्यातून कधी निघणार नाही असा बनतो.

शिवडीची_सई

अगदी हेच होतं. माझ्याकडे गुगलचा कीबोर्ड, भावाकडे इनस्क्रिप्ट. लॅपटॉपवर उघडून नवा दहा शब्दांचा घेतला, वहीत लिहिला. शाळेत मुलांना दाखवायला हे उदाहरण घेणार आहे.

लॅमिंग्टन_परिसर

इथे रोज जुने लॅपटॉप आणि हार्ड डिस्क येतात-जातात ते बघतो, म्हणून एक भर घालतो. एन्क्रिप्ट केलेली प्रत ड्राइव्हवर गेली, पण मूळ फाइल लॅपटॉपवरच राहिली तर उपयोग नाही. ती डिलीट केली तरी डिस्कवर असते. जुन्या फिरत्या डिस्कवर पुन्हा लिहून पुसता यायचं. एसएसडीवर तसं पुसल्याची खात्री देता येत नाही, कारण नवं लिखाण वेगळ्याच जागी जातं. पहिल्या दिवसापासून अख्खी डिस्क एन्क्रिप्ट असलेली बरी: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. विकायला आणलेल्या डिस्कमध्ये लोकांची लग्नाची यादी, पासपोर्ट, मुलांचे दाखले असतात आणि आणणाऱ्याला वाटतं त्याने सगळं उडवलंय. वाईट वाटतं.

परळची_वकील

कायद्याचं थोडक्यात. आयटी कायदा २००० चं कलम ६९: अधिकृत यंत्रणेने रीतसर आदेश दिला तर उघडून देण्यात सहकार्य करावं लागतं, नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. एन्क्रिप्ट करणं हा गुन्हा नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता, त्यात लोकांनी मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा असं होतं. टीका होताच काही दिवसांत मागे घेतला. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा उलट बाजूने बोलतो: लोकांची माहिती जवळ बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवायची, त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. लॅबवाल्यांनी आणि सीए ऑफिसांनी हे गंभीरपणे घ्यावं.

निवृत्त लेखापाल, दादर

सगळं वाचलं. पण टर्मिनलवाला, तुम्ही सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नावर अजून कुणी आलं नाही. किल्ली कुणाकडे? मी खजिनदार आहे, ६८ वर्षांची. किल्ली एकट्या माझ्याकडे असावी असं मला वाटत नाही. आणि एकाच माणसाकडे असावी असंही नाही.

टर्मिनलवाला, मुलुंड

ताई, मी याचीच वाट बघत होतो.

एजमध्ये एकच फाइल अनेक जाहीर किल्ल्यांसाठी बंद करता येते. फाइल फारशी मोठी होत नाही, हेडरमध्ये माणशी एक छोटी नोंद वाढते. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, तिघांच्या तीन जोड्या. तिघांच्या जाहीर किल्ल्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, ओळीला एक, वर हॅशचं चिन्ह टाकून कुणाची ते. मग 'डॅश आर' ऐवजी मोठा आर देऊन ती फाइल सांगायची. तिघांपैकी कुणीही एकटा उघडू शकतो. एक गावी गेला तर काम अडत नाही. एक लक्षात ठेवा: 'डॅश पी' वाला पासवर्ड आणि किल्ल्या एकाच फाइलवर एकत्र चालत नाहीत.

जाहीर किल्ल्या व्हॉट्सॲपवर मागवल्या तर चालतील, पण बैठकीत तिघांनी समोरासमोर अक्षरं जुळवून घ्यावीत. मध्येच कुणी बदलून स्वतःची दिली तर पुढचं सगळं त्याच्यासाठी बंद होत राहील.

चौथी जोडी कुणा माणसाची नको, सोसायटीची. तिची गुप्त किल्ली कागदावर. ७४ अक्षरं हाताने लिहायची म्हणजे धाकधूक वाटते, पण बनवणाऱ्यांनी इथे बेच३२ ही लिहिण्याची पद्धत घेतली आहे. 'सीक्रेट-की-वन' च्या पुढच्या भागात बी, आय, ओ ही अक्षरं आणि एक हा अंक येतच नाहीत. म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच, आणि उभी रेघ दिसली की ती एल. शेवटची सहा अक्षरं पडताळणीची आहेत. चार अक्षरांपर्यंत लिहिण्यात चूक झाली तर ती पकडली जाणारच. कॅपिटलमध्ये, चार-चारच्या गटांत, न पुसणाऱ्या पेनाने लिहा आणि दुसऱ्याने वाचून दाखवा. शेजारी क्यूआर छापलात तर टाइप करायचे कष्ट वाचतील. पाकीट सील करून, त्यावर दोघांच्या सह्या, आणि सोसायटीच्या बँक लॉकरमध्ये. लॉकर नसेल तर शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर जिथे कुलपात असतं तिथे.

कमिटी बदलली की तीन कामं. नव्या तिघांच्या नव्या जोड्या. सगळ्या फायली उघडून नव्या यादीवर पुन्हा बंद. जुन्या प्रती ड्राइव्हवरून काढणं. आणि हे मात्र सगळ्यांनी समजून घ्यावं: जुन्या सेक्रेटरीने जुनी प्रत स्वतःकडे उतरवून ठेवली असेल तर ती त्याला कायम उघडेल. किल्ली 'रद्द' करायची सोय एजमध्ये नाही, आणि एकदा हातात गेलेली प्रत कुठलंच टूल परत आणू शकत नाही. म्हणून कागद वाटून बंद करा. बँक खात्याचे वेगळे, सभासदांच्या ओळखपत्रांचे वेगळे, वारसांच्या वादाचे वेगळे, आणि प्रत्येकाची यादी वेगळी. आर्किटेक्टला नकाशे लागतात, आधार लागत नाही.

निवृत्त लेखापाल, दादर

हे समजलं. एक विचारते: मी गेले आणि माझ्या मुलाने माझी किल्ली वापरली तर?

टर्मिनलवाला, मुलुंड

तुमची किल्लीची फाइल स्वतःच पासवर्डने बंद करून ठेवा. एज-कीजेनमधून निघालेलं थेट 'एज डॅश पी' कडे पाइप करायचं. पुढे 'डॅश आय' मध्ये तीच बंद फाइल दिली तरी चालते, टूल पासवर्ड विचारतं. मुलाला पासवर्ड माहीत नसेल तर ती फाइल त्याच्या काही कामाची नाही. आणि सोसायटीचं अडणार नाही, कारण बाकी दोघं आणि पाकीट आहेच.

चाळकरी, लालबाग

क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर हे सगळं उघडणार असं वाचलं होतं.

जीपीजी_जुना_गडी, ठाणे

जाहीर किल्लीचा जो भाग आहे, एक्स२५५१९, त्याला मोठ्या क्वांटम यंत्राचा धोका आहे हे खरं. म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम हे क्वांटमपुढे टिकावं असं नवं मानक काढलं. नुसत्या पासवर्डवर बंद केलेल्या फाइलमध्ये जाहीर किल्लीचा भागच नसतो, त्यामुळे तिथे तो धोका त्या प्रकारे लागू होत नाही. पण लालबागच्या चाळीच्या कागदांना आज धोका आहे तो उघड्या लिंकचा. ती आधी बंद करा.

फोर्ट_ऑडिट

आमच्या ऑफिसात ठरलं. जुने सगळे बॅकअप एमडी५ वाल्या पद्धतीने उघडून झाले, आता दोन भागीदार आणि एक पाकीट अशा तीन किल्ल्यांवर एजने बंद करतोय. त्या स्क्रिप्टची एक छापील प्रत, आवृत्तीच्या नोंदीसकट, पाकिटातच ठेवणार. ३१ जुलैच्या धावपळीआधी संपवायचंय.

टर्मिनलवाला, मुलुंड

उत्तम. पाकिटातली किल्ली एकदा, ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच मशीनवर, फक्त कागद समोर घेऊन चालवून बघा. तुम्ही बाजूला बसून सांगायचं नाही. जिथे तो अडेल, ती ओळ कागदावर वाढवायची.

निवृत्त लेखापाल, दादर

रविवारी आमची कमिटीची बैठक आहे. ठराव असा लिहिलाय, बघून सांगा: 'सोसायटीच्या कागदपत्रांच्या डिजिटल प्रती एन्क्रिप्ट करून ठेवण्यात याव्यात. अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांच्या जाहीर किल्ल्या या इतिवृत्तात नोंदवण्यात येत आहेत. सोसायटीची गुप्त किल्ली सीलबंद पाकिटात लॉकरमध्ये ठेवावी, पाकीट उघडल्यास तारीख, कारण व उपस्थितांची नावं इतिवृत्तात नोंदवावी. कार्यकारिणी बदलल्यावर तीस दिवसांत सर्व प्रती नव्या किल्ल्यांवर पुन्हा बंद कराव्यात.'

परळची_वकील

छान आहे. 'सध्याची खुली लिंक तात्काळ बंद करावी' हे पहिलं वाक्य करा.

टर्मिनलवाला, मुलुंड

आणि वर्षातून एकदा, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी, एक फाइल पाकिटातल्या किल्लीने उघडून पाहावी, हे शेवटी जोडा. आमच्या सोसायटीतही हाच मसुदा मांडतो, तुमची हरकत नसेल तर.

निवृत्त लेखापाल, दादर

हरकत कसली, जरूर मांडा. दोन्ही वाक्यं घातली. 'न पुसणारं पेन' म्हणजे कुठलं घेऊ, साधं बॉलपेन चालेल का?

लॅमिंग्टन_परिसर

काळं बॉलपेन चालेल ताई. जेल पेन नको, ओल लागली की पसरतं. आणि पाकीट प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून मगच लॉकरमध्ये ठेवा.